पावणेदोन अंश

वेधशाळेच्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे ‘पक्का’ म्हणत. त्याने एकदा आवळलेला बोल्ट पुन्हा सैल झालेला कुणी पाहिला नव्हता, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. नवीन आलेली पोरं पहिले काही दिवस ते त्याचं आडनाव समजून ‘पक्केसाहेब’ म्हणत आणि मग खरं कळलं की ओशाळत. त्याला मात्र ते नाव मनातून फार आवडायचं. घरी तेच नाव उलटं पडे. बाजारातून आणायला सांगितलेल्या चार वस्तूंपैकी दोन विसरून तो दारात उभा राहिला की बायको म्हणे, “बोल्ट तेवढे पक्के. बाकी सगळी गळती.”

बायकोही त्याच वेधशाळेत होती, पण वरच्या मजल्यावर. तो दुर्बिणीचं अंग सांभाळायचा; दुर्बिणीने काढलेल्या चित्रांवर मोजमापं करायची ती. गेली नऊ वर्षं ती एका जोडीच्या मागे होती. त्याआधीची आठ वर्षं ती जोडी तिच्या सरांनी सांभाळली होती आणि निवृत्त होताना तिच्या हवाली केली होती. घरात त्या जोडीचा विषय इतका निघे, की दूरचे कुणी नातेवाईक असावेत असं पाहुण्यांना वाटे.

मंगळवारी संध्याकाळी जेवणं उरकायच्या आतच बायकोने टेबलावर आलेखाचा मोठा कागद पसरला. ताटं बाजूला सरकली. नऊ वर्षांची लेक खुर्चीवर गुडघे टेकून पुढे वाकली. ती जन्मली तेव्हा सरांनी निरोप पाठवला होता, ‘नव्या ठिपक्याचं अभिनंदन’, तेव्हापासून तिला सगळे ‘ठिपकी’च म्हणत. कागदावर एक लांबट वर्तुळ काढलेलं होतं आणि त्या रेघेवर मण्यांसारखे तेवीस ठिपके होते. खरं तर बावीसच. तेविसावा रेघेला सोडून जरासा बाजूला पडला होता.

हे काय आहे, असं ठिपकीने विचारलं. आईला तेवढंच हवं होतं. तिने शिवणाच्या डब्यातून दोन तपकिरी बटणं काढली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

हे दोघे तपकिरी बटू, ती सांगू लागली. ग्रह म्हणावं तर फार जड, आणि तारा म्हणावं तर पेटायला वजन कमी पडलेलं. जन्मताना जी ऊब मिळाली तीच त्यांची शिदोरी. तीच पुरवून पुरवून वापरायची आणि आयुष्यभर हळूहळू निवत जायचं. हे दोघे अजून लहान आहेत, चार कोटी वर्षांचे.

चार कोटी वर्षांची माणसं लहान कशी, असं ठिपकीने विचारल्यावर आई म्हणाली, की ताऱ्यांच्या घरात तेवढ्या वयाचं पोर पाळण्यातच असतं. अंगात ऊब आहे तोवरच ते आपल्याला नीट दिसतं, म्हणून लहानपणीच त्याला मोजून ठेवायचं. अमुक वयाचा आणि अमुक वजनाचा बटू किती उजळ दिसेल, याचे हिशेब हुशार माणसांनी मांडून ठेवलेत. ते बरोबर की चूक हे बघायचं तर कुणाचं तरी वजन खरोखर करून बघायला हवं.

“पण त्यांना काट्यावर कसं ठेवणार?”

आईने ठिपकीचे दोन्ही हात धरले आणि तिला खुर्चीवरून उतरवून स्वयंपाकघरात दोन गरगर फेऱ्या मारल्या. फ्रिजवरचा एक डबा पडला. मग धापा टाकत तिने विचारलं, की हात सुटू न देता फिरायचं तर जड माणसाबरोबर जोर जास्त लागतो की हलक्याबरोबर? जडाबरोबर, असं ठिपकी म्हणाली. झालं तर मग. दोघे एकमेकांपासून किती लांब आहेत आणि एक फेरी किती वर्षांत पुरी करतात, हे दोन आकडे नीट मिळाले की वजन आपोआप हातात येतं. या दोघांना एका फेरीला एकोणीस वर्षं लागतात. आणि त्यांच्यातलं अंतर इथून दिसतं केवढं, तर पाच किलोमीटरवर ठेवलेल्या तिळाएवढं.

पक्का हे सगळं कितव्यांदा तरी ऐकत होता आणि दर वेळी त्याला बायकोचं कौतुक वाटायचं. तिळाएवढ्या फटीवर सतरा वर्षं नजर ठेवणं म्हणजे गंमत नव्हे. त्याने पडलेला डबा उचलून जागेवर ठेवला आणि तो हसत हसत परत जेवायला बसला.

“आणि हा बाहेरचा ठिपका?” ठिपकीने बोट ठेवलं.

बायकोचा चेहरा उतरला. तो सरांचा शेवटचा वेध, ती म्हणाली. नेमका अशा जागी, की जिथे दोघे एकमेकांच्या अगदी जवळ येतात आणि भरकन वळण घेतात. त्यानंतर मोठा आरसा दुरुस्तीला गेला आणि दीड वर्ष दुर्बीण बंद राहिली, म्हणून त्या वळणावर सरांचा हा एकच ठिपका आहे. तो धरला तर वजन भलतंच भरतं. सोडला तर वजन गुरू ग्रहाच्या पंचावन्न पटही म्हणता येतं आणि एकशे दहा पटही. दोन महिने तिने डोकं फोडून घेतलं होतं. शुक्रवारी शोधलेख पाठवायचा होता आणि शेवटी तिने ठिपका सोडायचं ठरवलं होतं. छापून आल्यावर सरांना कळण्यापेक्षा गुरुवारी आपणच जाऊन सांगावं, असं ती म्हणाली.

“काय सांगणार?” पक्क्याने विचारलं.

“हेच, की सर, तुमच्या शेवटच्या रात्री तुमचा हात चुकला.” ती कागदाची घडी घालू लागली. “आणि मी तिथे असते तर मला काहीतरी कळलं असतं. पण मी त्या रात्री दवाखान्यात होते. ठिपकीच्या वेळी.”

“म्हणजे माझ्या वाढदिवसाचा ठिपका!” ठिपकी म्हणाली.

पक्क्याने हातातला घास ताटात परत ठेवला. तो पाणी प्यायला. मग त्याने अगदी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की तो ठिपका अंतरात चुकलाय की दिशेत? बायकोने चमकून वर पाहिलं. नऊ वर्षांत त्याने इतका नेमका प्रश्न कधी विचारला नव्हता. अंतर अगदी बरोबर आहे, ती म्हणाली, फक्त दिशा वळली आहे, जणू सगळं चित्रच कुणीतरी किंचित फिरवलंय.

 त्यानंतर ठिपकीने दोन कोडी घातली, ती पक्क्याला ऐकूच गेली नाहीत.

त्याचं असं झालं होतं. नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी त्याने कॅमेरा साफ करायला उतरवला होता. कॅमेरा दुर्बिणीला सहा बोल्टांनी बसतो, पण बोल्टांची भोकं मुद्दाम लांबट ठेवलेली, बसवताना जरा इकडे तिकडे करता यावं म्हणून. कॅमेऱ्याची वरची बाजू नेमकी कुठे यायची, ते एक बोटभर लांबीची पोलादी पिन ठरवते. पिन आधी, बोल्ट मागून. दुपारी चारच्या सुमाराला त्याने पिन शर्टाच्या खिशात ठेवली, कॅमेरा उचलून धरला, आणि खालून कुणीतरी ओरडलं, की बायकोला दवाखान्यात नेलंय, लगेच बोलावलंय. त्याने सहाही बोल्ट आवळले. चांगले पक्के आवळले. आणि तो धावत सुटला.

पिनेची आठवण झाली ती दवाखान्याच्या बाकावर, वाकल्यावर छातीला काहीतरी टोचलं तेव्हा. ती त्याने मुठीत धरली आणि मूठ सुटली ती आतून रडण्याचा आवाज आल्यावरच. तिसऱ्या दिवशी सकाळी तो वेधशाळेत गेला. आधी पहारेकऱ्याला विचारलं. परवा संध्याकाळपासून आभाळ भरून आलं होतं, काही काम झालं नाही, असं पहारेकरी म्हणाला. पक्क्याचा जीव भांड्यात पडला. त्याने बोल्ट सैल केले, कॅमेरा अंगठ्याने थोडा फिरवला, पिन टच्चकन आत गेली. वर्कशॉपच्या नोंदवहीत मात्र त्याने यातलं काही लिहिलं नाही. कुणाचं काही बिघडलंच नव्हतं. मग ‘पक्का पिन विसरला’ हे कागदावर कशाला आणायचं?

आभाळ त्या रात्री कधीतरी उघडलं असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

बुधवारी सकाळी त्याने जुन्या सुट्या भागांच्या कपाटातून कॅमेरा ज्या चकतीवर बसतो तसलीच एक चकती काढून बाकावर लावली आणि पिनेशिवाय नुसते बोल्ट घालून ती फिरवून पाहिली. दोन्ही बाजूंना सव्वादोन अंशांपर्यंत जात होती. एवढ्या फरकात त्या रात्री कॅमेरा नेमका कुठे थांबला होता, हे आता कोण सांगणार? म्हणजे आपण कबूल केलं तरी ठिपका काही वाचत नाही. उलट तो बाद करायला आणखी एक कारण मिळतं. फायदा एवढाच, की दोष सरांच्या हातावर जायच्या ऐवजी ज्याचा त्याच्या माथी जाईल. आणि नाव जाईल. त्याने ती चकती तीन वेळा पुसली. चौथ्यांदा पुसायला घेतली तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तो सरांच्या घरी गेला.

सर गॅलरीत होते. नजर अधू झाल्यापासून ते वाचत नसत, पण मोजायची सवय सुटली नव्हती. कुंड्यांतल्या टोमॅटोच्या प्रत्येक रोपाशेजारी एक काठी रोवलेली होती आणि तिच्यावर रोजच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांनी पक्क्याला आवाजावरून ओळखलं, बसायला लावलं आणि तिसऱ्या कुंडीतलं रोप कसं आळशी आहे ते सविस्तर सांगितलं. पक्क्याने ते सगळं ऐकून घेतलं. मग त्याने बाद होऊ घातलेल्या ठिपक्याची आणि पिनेची हकिगत सांगितली, काहीही न गाळता. नोंदवहीत का लिहिलं नाही तेसुद्धा.

 त्या रात्री अडीच वाजता ढग फाटले होते, सर पेन्सिल बोटांत फिरवत म्हणाले. फक्त चाळीस मिनिटं. महिनाअखेरीला निवृत्ती होती, म्हणून त्यांनी ती मिनिटं सोडली नव्हती.

“पिन आता कुठे आहे?”

“जागेवर, सर. तिसऱ्याच दिवशी बसवली.”

“छान. तुझं नाव पक्कं राहिलं आणि माझा ठिपका निघाला होता घराबाहेर.”

पक्क्याने मान खाली घातली. त्याला वाटलं, आता सर जा म्हणतील. पण सर उठले, भिंतीला हात लावत लावत आत गेले आणि कपाटाच्या तळातलं एक खोकं पायाने पुढे ढकलत घेऊन आले.

“मला एक सांग,” ते म्हणाले. “आजीबाईला कुणी विचारलं का?”

आजीबाई म्हणजे आकाशातली दुसरी एक जोडी. दोन म्हातारे, एकमेकांपासून चांगले लांब असलेले तारे. त्यांची एक फेरी हजारो वर्षांची, त्यामुळे माणसाच्या जन्मात ते हलले न हलल्यासारखेच. सरांची एक खोड होती. कुठल्याही रात्री काम सुरू करण्याआधी ते आजीबाईचा एक फोटो काढत, मग आपलं काम करत आणि शेवटी पुन्हा आजीबाईचा एक फोटो. दुर्बिणीचा वेळ वाया घालवतात म्हणून तरुण मंडळी मागे हसायची. सर निवृत्त झाल्यावर तर आजीबाईचे फोटो बंदच झाले आणि कॅमेऱ्याची दिशा वर्षातून एकदा तपासून काम चालू लागलं. पुढे सगळी जुनी चित्रं नव्या यंत्रांवर हलवली, तेव्हा ‘किरकोळ चाचण्या’ म्हणून तिचे फोटो गाळले गेले. सरांनी मात्र प्रत्येकाची एकेक प्रत घरी आणून ठेवली होती.

“ती कधी हलत नाही,” सर म्हणाले. “ती हललेली दिसली, तर हललो आपण. किती, तेही ती सांगते. जा, बायकोला दे. आणि पिनेचं तूच सांग. मी सांगणार नाही.”

खोकं छातीशी धरून पक्का वरच्या मजल्यावर गेला, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तेलकट हातांनी तो सहसा तिकडे जात नसे. बायको लेखाची शेवटची पानं वाचत होती. त्याने दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं.

तिने सगळं ऐकलं. मग एकदम शांत आवाजात म्हणाली, “दोन महिने मी या ठिपक्यापायी झोप घालवलीय. आणि तू समोर बसून जेवत होतास.”

“तारीख मला काल कळली. तू नुसता ‘सरांचा ठिपका’ म्हणायचीस.”

“आणि नऊ वर्षांपूर्वी?”

त्याने खोकं टेबलावर ठेवलं. तिने खोकं आपल्याकडे ओढलं. आतल्या सीडीच्या तबकड्यांवर सरांच्या बारीक अक्षरात तारखा होत्या. ठिपकीच्या वाढदिवसाची तारीख तिला लगेच सापडली. तिने ती तबकडी यंत्रात घातली आणि त्याच्याकडे न बघता शेजारची खुर्ची पायाने बाहेर सरकवली. बस, असा त्याचा अर्थ होता. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर तेवढं कळतं.

पडद्यावर आजीबाई आली. काळ्यावर दोन पांढरे ठिपके. बायकोने मोजलं. आजीबाईची दिशा दर वेळी बासष्ट अंश आणि वर थोडं, चाळीस शतांश यायची. खोक्यातल्या सरांच्या आठ वर्षांच्या वह्यांत तेच. त्या रात्री साठ अंश, पासष्ट शतांश आली. तिने पुन्हा मोजलं. मग रात्रीच्या शेवटचा फोटो मोजला. तोही साठ अंश, पासष्ट शतांश.

“सुरुवातीला आणि शेवटी सारखंच,” ती पुटपुटली. “म्हणजे वाकडा बसला खरा, पण रात्रभर एक केसभरही सरकला नाही.”

“बोल्ट मी आवळले होते,” पक्का म्हणाला.

ते ऐकून तिला हसू आलं. आवरायचा प्रयत्न केला, पण आवरेना. हसता हसताच तिने वजाबाकी केली. पावणेदोन अंश. तिने सरांच्या वेधात तेवढे मिळवले आणि आलेख पुन्हा काढायला सांगितला. यंत्राने थोडा विचार केला. मग तेविसावा ठिपका वळणाच्या रेघेवर, बाकीच्यांच्या ओळीत जाऊन बसला.

 पक्क्याला त्या आलेखातलं फार कळत नव्हतं, पण एखादा भाग आपल्या जागी बसला की बसल्यासारखा दिसतो, तेवढं त्याला कळत होतं. बायकोने त्याच्या तेलकट हातावर आपला हात ठेवला आणि मग त्याच हाताने पडद्यावरचं वजन वाचायला चष्मा वर केला. चष्म्यावर तेलाचा डाग पडला, तर तो त्याच्याच शर्टाला पुसला.

गुरुवारी शाळा सुटल्यावर तिघेही सरांकडे गेले. बायकोने सांगितलं : दोघे मिळून गुरू ग्रहाच्या चौऱ्याहत्तर पट, दोन-तीन इकडे तिकडे. हिशेब मांडणाऱ्यांचा आकडा होता बहात्तर. पहिल्यांदाच कुणीतरी त्या लहानग्यांना खरोखर तोलून पाहिलं होतं, आणि अंदाज करणाऱ्यांचा अंदाज बराचसा बरोबर निघाला होता. सरांनी आकडा दोनदा म्हणवून घेतला. मग ते गॅलरीत गेले आणि बराच वेळ टोमॅटोच्या काठ्या चाचपत राहिले. बायको त्यांच्या मागे जायला निघाली, तर पक्क्याने तिला हळूच बसवलं.

ते परत आले तेव्हा तिने विचारलं, की त्या वेधात पावणेदोन अंशांची दुरुस्ती केली आहे, त्याचं कारण लेखात द्यावं लागेल, तर ते कसं लिहू?

“जे झालं ते,” सर म्हणाले. “लिही, की कॅमेऱ्याची पिन त्या रात्री प्रसूतिगृहात होती.”

ठिपकीने पिन बघायचा हट्ट धरला. ती दुर्बिणीत आहे आणि तिथून ती आता कुणाच्या बापालाही काढता यायची नाही, असं तिच्या बापाने सांगितलं. मग आईच्या त्या बटूंसारखं माझंही वजन कुणी केलं होतं का, असं तिने विचारलं. दोन किलो नऊशे, पक्का क्षणाचाही विचार न करता म्हणाला. बाजारातल्या चार वस्तूंपैकी दोन विसरणारा माणूस.

शुक्रवारी लेख गेला. त्याच सकाळी पक्का सगळ्यांच्या आधी वर्कशॉपमध्ये आला आणि त्याने नोंदवही उघडली. जुन्या पानांत घुसडून लिहिणं त्याला पटेना, म्हणून त्याने आजच्याच पानावर, आजच्या तारखेखाली लिहायला घेतलं. कामाची तारीख : नऊ वर्षांपूर्वीची. काम : कॅमेरा बसवला, पिन राहिली. परिणाम : पावणेदोन अंश. दुरुस्ती : तिसऱ्या दिवशी. मग ‘कारण’ असा रकाना आला. तिथे पोरं एरवी ‘घाई’, ‘वीज गेली’ असलं काहीतरी लिहीत. त्याने पेन थोडा वेळ हवेतच धरला आणि मग ठळक अक्षरात लिहिलं : ‘मुलगी झाली.’

खाली सही केली. नाव मात्र त्याने पूर्ण लिहिलं, आईबापांनी ठेवलेलं. नऊच्या सुमाराला आलेल्या नव्या पोराने वही वाचून, हे कोण गृहस्थ, असं त्यालाच विचारलं.